औसा, डोमगांव, पाटांगण : ग्रंथरक्षणाचे दोन मार्ग

औसा हें लातूर जिल्ह्यांतील जुनें ठाणें. बहामनी, निजामशाही, आदिलशाही व मोंगल या सत्तांचे फेरे येथील भुईकोटानें पाहिले, इ. स. १७६० च्या उदगीरच्या मोहिमेंतही औशाचें नांव येतें. वीरनाथ-मल्लिनाथांच्या परंपरेनें चालत आलेलें येथील चक्रीभजन पंढरपुरीं प्रसिद्ध आहे. असें असूनही औशाच्या राजकीय इतिहासाचे कागद पहावयाचे तर पुण्यास किंवा हैदराबादेस जावें लागतें. ज्या गांवचा इतिहास गांवाबाहेरच वाचावा लागतो, त्या गांवीं ग्रंथालय चालविणारानें कशाचा आग्रह धरावा, हा प्रश्न आम्हीं येथें घेतला आहे.

औसा तालुका १९८२ पर्यंत ज्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत होता, त्याच जिल्ह्यांत परांड्याकडे डोमगांव आहे. तेथें कल्याणस्वामींचा मठ. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली, पुढें मठोमठ हिंडून समर्थसंप्रदायाचीं बाडें मिळविलीं, व डोमगांवच्या प्रतीवरून १९०५ सालीं दासबोध छापून काढला. योगायोग असा कीं, त्याच १८९३ सालीं ठाण्यास विनायक लक्ष्मण भावे यांनीं मराठी ग्रंथसंग्रहालय काढलें. एक वकील, दुसरा मिठाचा व्यापारी. दोघांपाशींही सरकारी अधिकार नव्हता. पूजेंतली पोथी परक्याच्या हातीं देण्यास मठपति कचरतो. त्याचें मन वळवावयाचें तर घेणाराचा शब्द एवढेंच तारण असतें. ज्यानें आमच्याप्रमाणें एखाद्या ओसरीवर बसून दप्तर सोडण्याची वाट पाहिली आहे, त्यास हें निराळें सांगावयास नको.

तथापि या मार्गास एक उणी बाजू आहे, आणि ती संग्राहकांनींच बोलून दाखविली पाहिजे. राजवाड्यांस बीडकडे पाटांगण येथें ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व मानलेली पोथी मिळाली. तिजवरून त्यांनीं १९०९ सालीं आपली आवृत्ति प्रसिद्ध केली. महाराष्ट्र सरकारनें १९६० सालीं ती पुन्हां छापली. पण मूळ पोथी आज उपलब्ध नाहीं. तिच्या अक्षराविषयीं, कागदाविषयीं, काळाविषयीं वाद घालणारे आम्ही सर्व एका छापील ग्रंथावर विसंबून आहों. राजवाड्यांची थोरवी यामुळें कमी होत नाहीं. मात्र पाटांगणीं त्या पोथीची एखादी नक्कल मागें राहिली असती तर हा वाद निराळ्या रीतीनें चालला असता.

दुसरा मार्ग निजामाच्या राज्यांतील लोकांनीं धरला. तेथें राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणही उर्दूंतच. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ नें सभाबंदी घट्ट केली. अशा स्थितींत वाचनालय ही मातृभाषेसाठीं उरलेली थोडी जागा होती. तेलुगू मंडळींनीं १९०१ सालींच हैदराबादेस श्रीकृष्णदेवराय आंध्रभाषानिलय उघडलें. त्याच्या संस्थापकांपैकीं कोमर्राजु लक्ष्मणराव हे नागपुरास शिकलेले व मराठी उत्तम जाणणारे होते. मराठी ग्रंथसंग्रहालय तेथें १९२२ सालीं निघालें, व निजाम राज्यांतील मराठी साहित्यपरिषद १९३७ सालीं. या मंडळींचा भर छापील पुस्तकांवर व वृत्तपत्रांवर होता, आणि तो रास्तच होता: वाचकच नसेल तर पोथी कोणासाठीं राखावयाची? हस्तलिखितांचा शोध हें त्यांचें मुख्य काम नव्हतें. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं अर्धें अर्धें काम केलें. संग्राहकांनीं ग्रंथ वांचविले पण वाचक मागें ठेवला; ग्रंथालयवाल्यांनीं वाचक घडविला, पण त्याच्या शेजारच्या देवघरांतील बासन सुटलें नाहीं.

ही हयगय किती महाग पडते याचें उदाहरण औसा तालुक्यांतच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारों माणसें मेलीं, बावन्न गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. दगडमातीच्या भिंतींचीं व जड माळवदांचीं तीं घरें होतीं. माणसांच्या शोकापुढें कागदाचा शोक कोणी करूं नये. आम्हीही करीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, त्या घरांच्या कोनाड्यांत ज्या दप्तराची कोठेंच नोंद झाली नव्हती, त्याचें काय झालें हें विचारावयासही आज आधार नाहीं.

हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा १९५५ सालचा. महाराष्ट्राचा १९६७ सालचा. त्यांनीं अनुदानाची सोय झाली. पण कोणाच्या दारीं जावें हें कायदा सांगत नाहीं. तें काम अद्यापि गांवच्या ग्रंथपालाचें व कार्यकारी मंडळाचें आहे. संग्राहकांस आमची सूचना अशी: औसा, निलंगा, उदगीर या बाजूस कोणी पोथी पाहील, त्यानें ती नेण्यापूर्वीं तिची छायाप्रत तालुक्याच्या ग्रंथालयांत ठेवावी. पोथी मालकाकडेच राहणार असेल तरीही नोंद करावी: पत्रसंख्या, दर पानाच्या ओळी, लेखनकाल व लेखकाचें नांव सांगणारा शेवटचा मजकूर, आणि कोणत्या घरीं किंवा मठांत ती पाहिली. मालकाची इच्छा नसेल तर त्याचें नांव यादींत घालूं नये. यादीची एक प्रत गांवीं, एक आमच्याकडे.