क्राऊन, पिनियन आणि घाटाची चढण

मलकापूरच्या रेल्वे स्टेशनावरून राजूरचा घाट चढून बुलढाण्यास, व तेथून पैनगंगेकांठच्या देऊळघाटास जाणाऱ्या मालाचा प्रवास पाहिला, तर चाक आणि आंस यांच्या संबंधाच्या तीन निराळ्या पद्धति एकाच वाटेवर दृष्टीस पडतात. १८६७ सालीं नागपुरास पोंचलेल्या लोहमार्गावर डब्याचीं दोन्ही चाकें आंसाशीं घट्ट जखडलेलीं असतात. त्यांची धांव किंचित् निमुळती असल्यामुळें तीं रुळांच्या वळणास जुळवून घेतात. बैलगाडींत आंस स्थिर व चाकें मोकळीं. बैल ओढतील तिकडे प्रत्येक चाक आपापल्या गतीनें फिरतें. तिसरी पद्धति ट्रकाची. येथें आंसच चाकांना फिरवितो, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

मागील चाकांमध्यें ६ फुटांचें अंतर असलेला ट्रक घाटांत तोंड फिरवून उलट दिशेस वळला, म्हणजे बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां सुमारें १९ फूट अधिक चालावें लागतें. दोन्ही चाकें एकाच दांड्यावर जखडलेलीं असतील, तर त्यांपैकीं एकास फरफटत जाणें भाग पडेल. टायर झिजेल, नाहीं तर दांडा पिळवटून तुटेल. यावर फ्रान्समध्यें ओनेसिफोर पेकर यानें १८२८ सालीं वाफेच्या गाडीकरितां पेटंट घेतलेली युक्ति म्हणजेच डिफरेन्शियल. दांडा मध्यें तोडावयाचा, आणि दोन तुकड्यांच्या मध्यें दांतेरी चाकांचा असा संच बसवावयाचा कीं, जोर दोघांसही मिळावा, परंतु एकाचा कमी झालेला वेग दुसऱ्याच्या पदरीं पडावा. पुढें १८७७ सालीं कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लेनें तीच युक्ति तीनचाकी सायकलीस लावली, आणि मोटारगाडी जन्मास आली तेव्हां तिला ती तयारच सांपडली.

युक्ति सांपडली, तरी ती गाडींत नीट बसविण्याचा प्रश्न शिल्लक राहिला. एंजिनाकडून येणारा लांब दांडा एका लहान दांतेरी चाकास फिरवितो; आपले मिस्त्री त्यास टेल पिनियन म्हणतात. तो पिनियन क्राऊन नांवाच्या मोठ्या चाकास फिरवितो. प्रथम यांचे दांत सरळ कापलेले असत व तीं चाकें खडखडत. १९१३ सालीं अमेरिकेंत पॅकार्ड मोटारींत सर्पिल दांत आले, आणि १९२६ सालीं त्याच कंपनीनें पिनियन क्राऊनच्या मध्याखालीं बसविणारीं हायपॉइड चाकें आणलीं. आवाज कमी झाला, बळ वाढलें. परंतु त्याची किंमतही द्यावी लागली. असे क्राऊन व पिनियन कारखान्यांत एकमेकांवर घांसून जोडीनेंच तयार करतात. एका जोडीचा क्राऊन व दुसरीचा पिनियन एकत्र आणला, तर मापें तींच असूनही गाडी रडूं लागते.

घाटांत चालणाऱ्या गाडीच्या बाबतींत प्रश्न अधिकच बिकट होतो. ७ दांतांच्या पिनियनास ४१ दांतांचा क्राऊन असेल, तर चाकांच्या एका फेऱ्यास पिनियनचे सुमारें ५.८६ फेरे होतात. पिनियन ६ दांतांचा केला, तर ६.८३. गाडी धीमी होते, पण चढणीस बळ मिळतें. ही अदलाबदल कागदावर सोपी आहे. परंतु कमी दांतांचा पिनियन अंगानें लहान असतो, आणि त्यास भेटण्याकरितां क्राऊनला जवळ सरकावें लागतें. मग जाड क्राऊन किंवा निराळा पिंजरा मिळवावा लागतो, आणि उरलेलें अंतर शिम नांवाच्या कागदासारख्या पातळ पोलादी चकत्यांनीं भरून काढावें लागतें.

परीक्षेची रीत मोठी चित्तवेधक आहे. दांतांवर तेलांत कालवलेला शेंदूर लावून चाकें फिरवितात. ठसा दांताच्या मध्यावर उमटला, तर काम जमलें. तो शेंड्याकडे उमटला, तर पिनियन क्राऊनकडे सरकवावा; मुळाशीं उमटला, तर मागें घ्यावा. ठसा दांताच्या बाहेरच्या टोंकास गेला, तर क्राऊन जवळ आणावा. आंतल्या टोंकास गेला, तर दूर न्यावा. दर वेळीं दांतांमधील मोकळीक पुन्हां मोजावी लागते, तीही इंचाच्या हजारांशांत. येथें केलेली घाई घाटांत व्याजासह वसूल होते. पिनियनचे दांत तुटले, कीं एंजिनाचा जोर तर जातोच, पण उतारावर गाडीस आवरणारा एंजिनाचा लगामही जातो, आणि भरल्या गाडीचा सारा भार ब्रेकवर पडतो.

आपल्याकडे या विद्येचा प्रवेश जुळणीच्या दारानें झाला. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस परदेशांतून आलेले सुटे भाग जोडून गाड्या काढण्यास आरंभ केला. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, व १९४७ पासून कुर्ल्यास गाड्या जोडल्या जाऊं लागल्या. १९५३ सालीं सरकारनें ठरविलें कीं, क्रमाक्रमानें भाग येथेंच बनविण्याची योजना ज्यांजवळ नाहीं, त्यांनीं हा धंदा सोडावा. जनरल मोटर्सनें १९५४ सालीं काम थांबविलें, आणि त्याच सालीं टाटांनीं डायम्लर-बेन्झच्या सहकार्यानें जमशेदपुरास ट्रक काढण्यास प्रारंभ केला.

जोडणें हलकें व घडविणें थोर, असा निवाडा या निर्णयांत गृहीत होता, आणि देशाच्या हिताच्या दृष्टीनें तो योग्यच होता. तथापि डिफरेन्शियलचा इतिहास वाचणाऱ्यास त्यांत एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. कारखाना जोडी घडवितो. पण ती ज्या घरांत नांदावयाची, त्याचें अंतर प्रत्येक गाडींत थोडें निराळें असतें, आणि तें शेंदराच्या ठशावरूनच वाचावें लागतें. युक्ति फ्रान्समध्यें सुचली, दांत अमेरिकेंत सुधारले, ट्रक जमशेदपुरास बनला. परंतु घाट चढून तो देऊळघाटास सुखरूप पोंचतो, तो शेवटच्या चकतीची जाडी पारखणाऱ्या मिस्त्र्याच्या बोटांमुळें. आपल्या यंत्रविद्येच्या इतिहासांत त्याच्याकरितां एखादें पान राखून ठेवणें न्यायाचें होईल.