उन्हाळी श्रमसेवा : निधी कामाला, विद्यार्थ्याचे काय?

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावात जाऊन श्रमदान, स्वच्छता वा जलसंधारणाचे काम करावे आणि त्यासाठीचा खर्च शासनाने किंवा सामाजिक संस्थेने उचलावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीने मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात तरुणांच्या अनेक पिढ्यांच्या हाती कुदळ-फावडे दिले. शासकीय पातळीवरही अशा योजना आल्या. मात्र त्यांचा निधी नेमका कोठे जातो आणि कोणता विद्यार्थी त्यात टिकू शकतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकावरील नरखेड तालुका त्यासाठी चांगले उदाहरण ठरतो.

राष्ट्रीय सेवा योजना

या क्षेत्रातील सर्वांत मोठी योजना म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह तिचा प्रारंभ झाला. स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि दत्तक गावात सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रचना आहे. पूर्वी केंद्र आणि राज्य मिळून खर्च उचलत. २०१६ पासून तो भार केंद्राने घेतला. दीर्घकाळ हे अनुदान नियमित कार्यक्रमांसाठी प्रति स्वयंसेवक वर्षाला २५० रुपये आणि विशेष शिबिरासाठी ४५० रुपये असे होते. ही रक्कम भोजन, प्रवास, साहित्य यांसाठी असते. स्वयंसेवकाला मानधन नाही. शिवाय महाराष्ट्रात ही शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात. उन्हाळा रिकामाच राहतो.

शंभर तासांची आंतरवासिता

ती पोकळी भरण्याचा एक प्रयत्न २०१८ मध्ये झाला. केंद्र सरकारने १ मे ते ३१ जुलै या काळात 'स्वच्छ भारत समर इंटर्नशिप' जाहीर केली. विद्यार्थ्याने गावात किमान १०० तास स्वच्छतेचे काम केल्यास प्रमाणपत्र आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेले दोन श्रेयांक मिळण्याची सोय होती. राष्ट्रीय पातळीवर उत्कृष्ट कामासाठी २ लाख, १ लाख आणि ५० हजार रुपयांची बक्षिसे ठेवण्यात आली. पुढील वर्षी कामाचे तास ५० वर आणण्यात आले. येथेही पैसा होता, परंतु तो बक्षिसाच्या रूपाने. मोजक्या विजेत्यांखेरीज इतरांच्या पदरी प्रमाणपत्र आणि श्रेयांकच पडणार होते.

नरखेडचा उन्हाळा

नरखेड हा संत्र्याचा तालुका. पश्चिमेला वर्धा नदी, पलीकडे अमरावती जिल्ह्यातील वरुड आणि उत्तरेला मध्य प्रदेश. आंबिया बहाराची फळे ऐन उन्हाळ्यात झाडावर असतात. त्यामुळे एप्रिल-मे हा बाग जगविण्याचा काळ असतो आणि ओलितासाठी विहिरी व कूपनलिकांवर ताण येतो.

पाणी फाउंडेशनची 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धा २०१६ मध्ये वरुडसह तीन तालुक्यांत सुरू झाली. २०१८ मध्ये ती ७५ तालुक्यांत पोचली; त्यांत नरखेड होता. ८ एप्रिल ते २२ मे या ४५ दिवसांत सलग समतल चर, बांधबंदिस्ती आणि इतर मृद्‌-जलसंधारणाची कामे गावांनी करायची होती. १ मे रोजीच्या महाश्रमदानासाठी शहरांतील नागरिक व विद्यार्थ्यांना 'जलमित्र' म्हणून नोंदणी करता येत होती. त्या वर्षी नरखेड तालुक्यातील उमठा या गावाने बीड जिल्ह्यातील आनंदवाडीसह राज्यात तिसरा क्रमांक विभागून मिळविला. ४० लाख रुपयांचे हे बक्षीस दोन्ही गावांत वाटले गेले. ही स्पर्धा २०१९ नंतर थांबली.

उमठ्याच्या यशातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, गावाला मिळालेले बक्षीस गावाचेच असते आणि तसेच ते असावे. दुसरी, असे काम एका दिवसाच्या उत्साहाने होत नाही. ४५ दिवस सातत्य लागते. शहरातील विद्यार्थी महाराष्ट्र दिनी येतो आणि सायंकाळी परततो. गावातील विद्यार्थ्याने मात्र रोज यावे, ही अपेक्षा असते. त्याच काळात विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा असतात. शेतमजुराच्या मुलासाठी तर सुट्टी हा पुढील वर्षाचे शुल्क आणि पुस्तकांचे पैसे जोडण्याचा हंगाम असतो. विनामोबदला सेवा त्याला मजुरी बुडवूनच करावी लागते. ज्याला गावाची गरज सर्वांत जास्त कळते, त्यालाच सेवा सर्वांत महाग पडते.

इतरत्र काय घडते?

अमेरिकेत १९६४ पासून 'फेडरल वर्क-स्टडी' योजनेखाली गरजू विद्यार्थ्यांना अर्धवेळ कामाचे वेतन मिळते आणि संस्थांनी या निधीचा किमान ७ टक्के भाग समाजसेवेच्या कामांवर खर्च करावा, असा नियम आहे. महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजविलेल्या 'कमवा आणि शिका' योजनेत कष्टाला मोबदला आहे. पण आज हे काम प्रामुख्याने महाविद्यालयाच्या आवारातच चालते. ते दत्तक गावाच्या शिवारापर्यंत नेल्यास गरीब विद्यार्थ्यासाठी सेवेचा दरवाजा उघडू शकेल.

सहभागापूर्वी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत समुदाय सहभाग आणि क्षेत्र प्रकल्पांना श्रेयांक देण्यात आले आहेत. त्यामुळे सुट्टीतील सेवेला शैक्षणिक मोल लाभू शकते. इच्छुकांनी महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. प्रवास व भोजनाचा खर्च कोण करणार, श्रेयांक मिळणार का, उन्हापासून बचाव व वैद्यकीय मदतीची व्यवस्था काय आणि कामाच्या तारखा परीक्षांशी जुळतात का, हे आधीच विचारून घ्यावे. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो; म्हणून श्रमदान पहाटे किंवा सायंकाळीच करणे हितावह ठरते.