दाब मोजला, ऑक्सिजन मानला

मंडळी, आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर पडायला हिरव्या पेशीला प्रकाशाचे किती कण लागतात? या एका आकड्यावरून गुरू-शिष्यात वर्षानुवर्षं वाद चालला.

गुरू म्हणजे बर्लिनचे ऑटो वारबुर्ग. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी क्लोरेला हे एकपेशीय हिरवं शैवाल घेतलं, त्याची कुपी मॅनोमीटरला जोडली, उजेड पाडला आणि वायूचा दाब किती बदलतो ते पाहिलं. उत्तर आलं: सुमारे ४ कण. १९३१ साली श्वसनावरच्या कामाबद्दल त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा या आकड्यालाही वजन आलं.

शिष्य म्हणजे अमेरिकेचे रॉबर्ट एमर्सन. वारबुर्ग यांच्याच हाताखाली १९२७ मध्ये डॉक्टरेट झालेले. पद्धत गुरूचीच, शैवालही तेच. पण यांचा आकडा ८ ते १२ च्या घरात जाऊ लागला!

आता मेख कुठे आहे ते पाहू. मॅनोमीटर ऑक्सिजन ओळखत नाही, त्याला फक्त दाब कळतो. शैवाल उजेडात ऑक्सिजन सोडतं, कार्बन डायऑक्साइड घेतं. शिवाय श्वसन चालूच. म्हणजे आपण अंधारातलं श्वसन मोजायचं आणि उजेडातही ते तेवढंच असतं असं धरून हिशेब करायचा. एमर्सन आणि त्यांचे सहकारी लुइस यांना दिसलं, की उजेड पडताच पहिली काही मिनिटं शैवाल कार्बन डायऑक्साइडही बाहेर टाकतं. वारबुर्ग मोजायचे थोड्या थोड्या मिनिटांच्या टप्प्यांत. त्यामुळे हा जादा दाब ऑक्सिजनच्या खात्यात जमा होत गेला.

१९४८ मध्ये वारबुर्ग इलिनॉयला एमर्सन यांच्या प्रयोगशाळेत आले. दोघांनी बसून मोजलं, तरी एकमत झालं नाही. १९५९ मध्ये एमर्सन विमान अपघातात गेले. वारबुर्ग १९७० साली गेले, तोवर त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. आज ८ किंवा त्याहून थोडे जास्त कण लागतात, हेच मान्य आहे.

आपल्यासाठी यात मुद्दा ज्ञानाचा आहे. दोघांनाही यंत्राने दाबच दाखवला होता. त्या दाबाचा अर्थ लावताना आपण काय गृहीत धरतोय, हे शिष्याने तपासलं, तेही गुरूनेच शिकवलेल्या काटेकोरपणाने. आम्ही तर याला गुरुदक्षिणाच म्हणू.