‘लूझर्स गेम’ म्हणजे काय? जिंकण्याआधी न चुकणं का महत्त्वाचं?

टेनिसमध्ये कोण जिंकतं? जोरदार फटके मारणारा, असं बहुतेक जण सांगतील. पण हे उत्तर प्रत्येक कोर्टवर लागू होत नाही.

कल्पना कुठून आली?

अमेरिकेच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात काम केलेले अभियंते सायमन रामो यांनी हौशी टेनिसपटूंसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते, व्यावसायिक टेनिसमध्ये सुमारे ८० टक्के पॉइंट उत्तम फटक्यांनी जिंकले जातात. हौशी टेनिसमध्ये मात्र सुमारे ८० टक्के पॉइंट चुकांमुळे गमावले जातात. कुणाचा चेंडू नेटमध्ये अडकतो, कुणाचा बाहेर जातो, कुणी डबल फॉल्ट करतं. म्हणून हौशी खेळाडूला त्यांचा सल्ला साधा होता: चेंडू कोर्टमध्ये ठेवा, चूक समोरच्याला करू द्या.

शेअर बाजाराशी काय संबंध?

१९७५ मध्ये चार्ल्स एलिस यांनी ‘द लूझर्स गेम’ या लेखात हेच सूत्र गुंतवणुकीला लावलं. बाजारात आता तज्ज्ञांची गर्दी झाली आहे. तुम्ही शेअर विकता तेव्हा घेणाराही बहुधा तज्ज्ञच असतो. त्यात प्रत्येक व्यवहाराचा खर्च वजा होतो. त्यामुळे बाजाराला हरवण्याच्या धडपडीत बहुतेक जण मागे पडतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढच्याच वर्षी जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्डने सामान्य गुंतवणूकदारांसाठी इंडेक्स फंड आणला. असा फंड शेअर निवडत बसत नाही. निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेतो, त्यामुळे खर्च कमी राहतो.

भारतात काय दिसतं?

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स आणि ऑप्शन्सबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. खर्च धरून एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांपेक्षा जास्त होता. रीलमध्ये दिसतात ते नफ्याचे स्क्रीनशॉट. हे ९३ टक्के तिथे दिसत नाहीत.

मग काहीच करायचं नाही का?

तसं नाही. बाजार पडला की इंडेक्स फंडही पडतो, ती जोखीम राहतेच. पण कर्ज काढून ट्रेडिंग, ‘पक्की टिप’ ऐकून खरेदी, घाबरून विक्री या चुका टाळणं आपल्या हातात असतं. आपण विम्बल्डन खेळतोय की सोसायटीच्या कोर्टवर, हे आधी ओळखायला हवं.