बुडालेल्या बँका आणि ठेवीदारांचे संरक्षण

बँकेत पैसे ठेवणाऱ्या साध्या माणसाची अशी समजूत असते की, आपण दिलेल्या नोटा तिथल्या तिजोरीत आपल्या नावाने बांधून ठेवलेल्या आहेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या काही पाठांतच ही समजूत सोडून द्यावी लागते. हल्ली अनेक विद्यापीठांचा ‘पैसा आणि बँकव्यवसाय’ हा विषय घरबसल्या इंटरनेटवरून शिकता येतो, आणि नोकरी करणारी, संसार सांभाळणारी प्रौढ माणसेही तो आवडीने शिकतात. त्या पाठांत रोखता, राखीव निधी, ठेव-विमा अशा संज्ञा ओळीने येतात व परीक्षेपुरत्या पाठही होतात. परंतु या संज्ञांच्या मागे कोणा ना कोणाची बुडालेली पुंजी आहे, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. तो इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

बँकेचा व्यवहार मुळात असा असतो. शंभर ठेवीदार आपले पैसे एकाच दिवशी परत मागत नाहीत. म्हणून थोडी रक्कम रोख हाताशी ठेवून बँक उरलेली रक्कम व्यापाऱ्याला, कारखानदाराला, शेतकऱ्याला कर्जाऊ देते. कर्जावर मिळणारे व्याज आणि ठेवीवर द्यावयाचे व्याज यांतील फरकावर तिचा संसार चालतो. समाजाच्या दृष्टीने ही व्यवस्था फार उपयोगी आहे. तथापि धोकाही तिच्यातच आहे. ठेव बहुधा मागताक्षणी परत करावयाची असते आणि कर्ज मात्र मुदतीनेच वसूल व्हावयाचे असते. त्यामुळे उत्तम चाललेल्या बँकेलाही सर्व ठेवी एका दिवसात परत करता येणार नाहीत. नुसती अफवा उठली आणि दारात झुंबड उडाली, तर चांगली बँकही संकटात येते. मग जिचा कारभारच सचोटीचा नाही, तिची कथा काय सांगावी!

हे संकट आपल्याकडे बँकांबरोबरच आले असे मात्र नाही. सराफांच्या पेढ्या आणि हुंड्या यांचा व्यवहार आपल्याकडे पूर्वापार चालत होता आणि पेढ्याही बसत असत. देणे देता येईनासे झाले म्हणजे सावकार भर दिवसा दारात दिवा लावी, त्यावरूनच ‘दिवाळे निघणे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, असे सांगतात. पण पेढीचा मालक गावातला, ओळखीचा असे, आणि देण्यापायी त्याचे घरदारही पणाला लागे. १८६० च्या कायद्याने बँकांनाही मर्यादित जबाबदारीचे तत्त्व लागू झाले. भागधारकाचे नुकसान त्याच्या भागापुरते ठरले. ठेवीदाराला ना भागधारक ठाऊक, ना संचालक. त्याला विश्वास ठेवावयाचा तो संस्थेच्या नावावर.

त्या नावाची पहिली मोठी परीक्षा मुंबईत झाली. १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बाँबेत सरकारचे भाग होते आणि तिच्या संचालक मंडळावर सरकारने नेमलेले सभासद असत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या भागांवर सट्टा सुरू झाला. १८६३ च्या नव्या कायद्याने बँकेच्या कर्जव्यवहारावरील जुने निर्बंध सैल झाले होते. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सट्टेबाजांच्या शब्दाखातर भागांच्या तारणावर भरमसाट कर्जे दिली गेली. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्याचे सौदे पुरे करावयाची वेळ आली तेव्हा मुंबईतील घराण्यांमागून घराणी कोलमडली. बँकेचे बहुतेक भांडवल नाहीसे झाले आणि १८६८ मध्ये ती मोडीत निघाली. पाठीशी सरकार असले म्हणजे बँक सुरक्षित, ही समजूत त्या वर्षी खोटी ठरली.

पुढे १९०६ साली मद्रासची अर्बथनॉट कंपनी बुडाली. साहेबाची पेढी म्हणून हजारो लोकांनी निर्धास्तपणे तिथे पैसे ठेवले होते. मालक सर जॉर्ज अर्बथनॉट यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, पण तेवढ्याने ठेवीदारांचे पैसे परत आले नाहीत. स्वदेशीची चळवळ भरात होती. आपल्या बँका आपणच काढाव्यात या भावनेने त्या सुमारास अनेक बँका निघाल्या. मद्रासची इंडियन बँक १९०७ ची. आणि महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या पुढाकाराने आपल्या बडोद्यात बँक ऑफ बरोडा सुरू झाली ती २० जुलै १९०८ रोजी. परंतु केवळ देशाभिमानाने बँक टिकत नाही. १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक बंद पडली. चांदीच्या सट्ट्यात सापडलेली मुंबईची इंडियन स्पेसी बँकही गेली आणि त्यांच्यामागोमाग लहानमोठ्या कित्येक बँका. बडोद्याची बँक त्या वावटळीतून तरली.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक स्थापन झाली, तेव्हा आता कोणी वाली मिळाला असे लोकांना वाटले असल्यास नवल नाही. तरीही १९३८ साली त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडालीच. बँकांना परवाना देण्याचे आणि त्यांची तपासणी करण्याचे पुरेसे अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाले ते १९४९ च्या कायद्याने. म्हणजे रखवालदार आधी नेमला आणि काठी त्याच्या हाती १४ वर्षांनी दिली, असाच हा प्रकार झाला.

खरी जाग आणली ती १९६० सालाने. त्या वर्षी अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली आणि ऑगस्टमध्ये केरळातील पालाई सेंट्रल बँक बंद करण्यासाठी रिझर्व्ह बँकेला न्यायालयात जावे लागले. पालाईची बँक केरळातील सर्वांत मोठ्या बँकांपैकी होती. तिथे मोडीत काढण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. मुलीच्या लग्नासाठी वा म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा वर्षानुवर्षे अडकून पडणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर गुदरते त्यालाच कळते. शिवाय एका बँकेच्या बातमीने दुसऱ्या बँकांच्या दारात रांगा लागल्या, हे निराळेच.

अमेरिकेने हा धडा आधी घेतला होता. १९३० नंतरच्या मंदीत तिथे हजारो बँका बंद पडल्यावर १९३३ साली कायदा होऊन ठेवींचा विमा उतरविण्यात आला. आपल्याकडे बंगालमधील बँकांच्या पडझडीनंतर १९४८ साली ही कल्पना निघाली होती, पण ती कागदावरच राहिली. पालाईनंतर मात्र १९६१ मध्ये ठेव-विमा महामंडळाचा कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९६२ रोजी २८७ बँकांसह काम सुरू झाले. प्रत्येक ठेवीदाराला दीड हजार रुपयांपर्यंत हमी मिळाली. विम्याचा हप्ता बँकेने भरावयाचा, ठेवीदाराने नव्हे. सहकारी बँकांनाही ही सोय १९७१ पासून लागू होऊ लागली.

हमीची मर्यादा पुढे वाढत गेली. १९६८ मध्ये पाच हजार, १९८० मध्ये तीस हजार, १९९३ मध्ये एक लाख. त्यानंतर मात्र जवळजवळ २७ वर्षे ती तिथेच अडून राहिली, आणि रुपयाची किंमत तर घटतच होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. एकाच गृहबांधणी समूहाला दिलेली प्रचंड कर्जे हजारो बनावट खात्यांआड दडविली गेली होती. खातेदाराला आरंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली. बँकेवर निर्बंध आल्यास हमीची रक्कम ९० दिवसांत द्यावी, अशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. १८६५ मध्ये भागांचे तारण होते, येथे बनावट खाती होती. पण मोजक्या मंडळींच्या हाती साऱ्यांची पुंजी सोपविण्याचा दोष दोन्हीकडे एकच.

या इतिहासावरून एक गोष्ट उघड दिसते. ठेवीदाराचे संरक्षण बँका बुडाल्यानंतर, बुडालेल्यांच्या नुकसानीतून, पायरीपायरीने आलेले आहे. म्हणून ते कोठवर पोहोचते याची माहिती प्रत्येकाने करून घ्यावी. हमी आहे ती मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच बँकेच्या दोन शाखांत एकाच नावाने ठेवी असतील, तर त्यांची बेरीज धरली जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गावोगावच्या पतसंस्थांना हे विम्याचे छत्र नाही. फलकावरचे नाव बँकेसारखे दिसले, किंवा संचालक आपल्या ओळखीचे असले, तरी त्यामुळे हा फरक मिटत नाही. अधिक व्याजाच्या आशेने निवृत्तीची सारी रक्कम एकाच ठिकाणी ठेवण्यापूर्वी ‘येथे ठेवीचा विमा आहे काय?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. पालाईच्या आणि अकोल्याच्या ठेवीदारांना तो विचारण्याची सोयच नव्हती. आपल्याला ती आहे.