आष्ट्याहून मुंबई: रात्रगाडी, रातराणी आणि विमान

वाळवा तालुक्यातले आष्टा मुंबईपासून रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. दिवसा निघाले तर अख्खा दिवस प्रवासात जातो आणि मुंबईत पोचेपर्यंत कचेऱ्या बंद झालेल्या असतात. हेच अंतर विमान हवेत तासाभरात कापते. तरीही इथला माणूस पिढ्यानपिढ्या मुंबईला रात्रीच निघत आला. मंत्रालयातले काम असो, टाटा रुग्णालयातली तपासणी असो की गिरणीतली पाळी, रात्री निघून सकाळी हजर व्हायचे आणि शक्य झाल्यास त्याच रात्री परतायचे, हा शिरस्ता रेल्वेने घातला. पुढे तो एसटीने आणि खाजगी ट्रॅव्हल्सने चालवला. विमानाला मात्र तो अजून मोडता आलेला नाही.

आष्ट्याला रेल्वे स्थानक नाही, आणि या गावाच्या प्रवासाचा सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो. १८७६ ते १८७८ या काळातल्या दुष्काळाने दख्खनची दैना केली. अशा वेळी धान्य लवकर पोचवता यावे, हा दक्षिण महाराष्ट्रात लोहमार्ग टाकण्यामागचा एक मोठा हेतू होता. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि त्या दशकाअखेरीस पुणे, मिरज, लोंढा असा मीटरगेज मार्ग उभा राहिला. १८९१ मध्ये मिरज ते कोल्हापूर हा फाटा सुरू झाला. मुख्य मार्ग कराडपासून मिरजेपर्यंत कृष्णेच्या पूर्वेकडून गेला. आष्टा नदीच्या पश्चिमेला. गाव तेव्हा ब्रिटिश मुलखातल्या सातारा जिल्ह्यात होते, तर मिरज आणि सांगली ही संस्थाने होती. १९०७ मध्ये सांगली ते मिरज हा छोटा फाटा झाला, तेव्हा गाडी आष्ट्यापासून वीसेक किलोमीटरवर आली. पण मध्ये कृष्णा होतीच. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये उघडला आणि ती अडचण दूर झाली. आष्ट्याकडून मिरजवाडी, तुंग, कसबे डिग्रज, सांगलीवाडी या वाटेने येणाऱ्या प्रवाशासाठी तो पूलच रेल्वेचे दार ठरला.

या लोहमार्गाची आखणी समजून घेतल्याशिवाय पुढची स्पर्धा कळत नाही. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा जुना रस्ता कात्रज आणि खंबाटकी हे घाट चढून जवळजवळ सरळ दक्षिणेला उतरतो. वाफेच्या इंजिनाला असा चढ झेपत नसल्याने रेल्वे पूर्वेकडून वळसा घालून जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर अशी कराडला येते. मुंबई ते कोल्हापूर हे रेल्वेचे अंतर ५१८ किलोमीटर आहे, तर रस्त्याचे चारशेच्या आत. एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनांच्या मर्यादेने पडलेला हा फरक इंजिने बदलली, रूळ बदलले तरी तसाच राहिला. दिवसाच्या प्रवाशाला तो खटकतो. झोपलेल्या प्रवाशाला त्याचे फारसे काही वाटत नाही, आणि म्हणूनच या मार्गावर रात्रीच्या गाडीला एवढे महत्त्व आले.

मात्र रात्र सलग झोपेची व्हायला बराच काळ जावा लागला. मुंबई-पुणे मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, रुंद मापाचा. पुण्याच्या पलीकडे दक्षिणेला मीटरगेज. त्यामुळे पुण्याला उतरायचे, वळकटी आणि ट्रंका उचलायच्या आणि दुसऱ्या गाडीत जागा धरायची, हे सत्तर-ऐंशी वर्षे चालले. मालाचीही तीच गत होती. सांगलीच्या पेठेतली हळद आणि गूळ पुण्याला एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागे. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातून गिरणगावात गेलेल्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांनी हा बदल सोसला. मुलाबाळांसह सुट्टीला, भावईच्या उत्सवाला, लग्नसराईला गावी येणारी ही माणसे या मार्गाचा खरा आधार होती.

याच लोहमार्गावर ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगार घेऊन निघालेली गाडी अडवून सरकारी रक्कम ताब्यात घेतली. जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या साथीदारांचा हा पराक्रम वाळवा, तासगाव, खानापूर भागात आजही अभिमानाने सांगितला जातो. या लोहमार्गाचा इतिहास निव्वळ वेळापत्रकाचा नाही, हे ध्यानात राहावे म्हणून ही नोंद.

१९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन झाले आणि आष्टा दक्षिण सातारा जिल्ह्यात आले. १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्याचे ठाणे आणि रेल्वे आता एकाच दिशेला आली. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, पुण्याची बदली संपली आणि सांगली मुख्य मार्गावर आली. महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईपर्यंत थेट धावू लागली. रात्री नऊच्या आसपास कोल्हापूर सोडायचे, मिरज-सांगली करत पुढे जायचे आणि सकाळी कचेऱ्या उघडण्याआधी मुंबई गाठायची, हे तिचे वेळापत्रक या भागाच्या अंगवळणी पडले. अकरा तासांचा प्रवास लांब खरा, पण त्यातला कामाचा एकही तास वाया जात नाही. मुंबईत मुक्कामाची सोय नसलेल्या माणसाला, विशेषतः रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला, आडवे पडून जाता येणे हा मोठाच दिलासा होता. लॉजचे भाडे वाचते, ही बाबही गरीब घरात लहान नव्हती.

तरी आष्टेकराच्या बाबतीत एक प्रश्न सुटला नाही. गाडी सांगलीला रात्री दहाच्या सुमारास येते. तिथवर एसटीने किंवा वडापने जायचे, सामान सांभाळत फलाटावर थांबायचे आणि परतताना पहाटे सांगलीला उतरून पुन्हा गावची गाडी शोधायची. शिवाय आरक्षण. एकाच मुख्य रात्रगाडीवर कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, मिरज, सांगली, कराड, सातारा असा सगळा भार. सणासुदीला आणि मे महिन्यात वेटिंगची यादी लांबतच जाते.

ही फट रस्त्याने भरून काढली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या वीस वर्षांत ती खेडोपाडी पोचली. १९६८ पासून रातराणी गाड्या आल्या, १९८२ च्या एशियाडनंतर त्याच नावाच्या निमआराम गाड्या आल्या. सांगली-पेठ रस्ता आष्ट्यातूनच जातो, हा इथला निर्णायक मुद्दा ठरला. सांगलीहून मुंबईला निघालेली बस आष्टा, इस्लामपूर करत पेठ नाक्याला पुणे-बंगळूर महामार्गाला लागते. म्हणजे जी गाडी धरायला रेल्वेच्या प्रवाशाने उलट दिशेला वीस किलोमीटर जायचे, तिच्याऐवजी बस त्याच्या दारात येते. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला, महामार्गाचे चौपदरीकरण झाले आणि बसचा वेळ रेल्वेपेक्षा कमी झाला. मग आडवे झोपायची सोय असलेल्या स्लीपर ट्रॅव्हल्स आल्या. रात्री जेवून स्टँडवर उभे राहायचे आणि सकाळी वाशी, चेंबूर, सायन, दादर किंवा बोरिवली, जिथे काम असेल तिथे उतरायचे. मुंबईत उतरण्याच्या इतक्या जागा रेल्वे देऊ शकत नाही. आष्ट्यापुरते बोलायचे तर रात्रीची स्पर्धा ट्रॅव्हल्सने जिंकली, आणि ती वेगापेक्षा दाराशी येण्याने जिंकली.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र हा विजय पोकळ आहे. घाटातून रात्रभर गाडी हाकणाऱ्या एका चालकाच्या जागेपणावर तीस-चाळीस जीव सोपवण्यापेक्षा रुळावरची रात्र कितीतरी निर्धोक असते. रात्रगाडी वाढवणे हे प्रवाशांच्या जिवाशी जोडलेले काम आहे, सोयीची बाब त्यानंतरची.

विमानाची कहाणी जुनी आहे आणि खंडित आहे. कोल्हापुरात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३० च्या दशकाअखेर, उजळाईवाडीला विमानतळ झाला. एका संस्थानाने त्या काळी एवढी दूरदृष्टी दाखवली, हे कौतुकाचेच. पण त्यानंतर मुंबईची नियमित सेवा बराच काळ टिकली नाही. किंगफिशरची मुंबई-कोल्हापूर सेवा कंपनीच्या अडचणींत बंद पडली. २०१६ मध्ये उडान योजना आली. तासाभराच्या उड्डाणाच्या काही जागांना सुमारे २५०० रुपयांची भाडेमर्यादा ठरली. २०१८ मध्ये एअर डेक्कनने मुंबई-कोल्हापूर सुरू केले, ते फार चालले नाही. पुढे ट्रूजेट आली, तीही थांबली. २०२२ मध्ये स्टार एअरने हा मार्ग हाती घेतला. १० मार्च २०२४ रोजी कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचे उद्‌घाटन झाले. दोष फक्त कंपन्यांचा नव्हता. मुंबईच्या विमानतळावर उतरण्याच्या वेळा अपुऱ्या, त्यात छोट्या विमानाचा नंबर शेवटी. सकाळी लवकर पोचवणारी आणि संध्याकाळी उशिरा परत आणणारी वेळ मिळाल्याशिवाय विमानाचा तास कामाच्या माणसाच्या उपयोगी पडत नाही.

आष्टेकराच्या हिशेबात तो तासही तासाचा राहत नाही. उजळाईवाडी चाळीसेक किलोमीटर, उड्डाणाआधी तास-दीड तास हजेरी, मुंबईत उतरल्यावर शहरातला प्रवास, असे मिळून अर्धा दिवस सहज जातो, तोही दिवसाउजेडीचा. युरोपात हाच हिशेब वेगळ्या रीतीने मांडला गेला. फ्रान्सने मे २०२३ पासून, जिथे रेल्वेने अडीच तासांत जाता येते अशा काही देशांतर्गत विमानफेऱ्यांवर बंदी अमलात आणली. २०१६ मध्ये जर्मन रेल्वेने आपल्या शयनगाड्या बंद केल्या, तेव्हा ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यातल्या काही मार्गांवर नाइटजेट नावाने सेवा चालवली आणि वाढवली. तिथे शहराच्या मध्यातल्या स्थानकातून शहराच्या मध्यात उतरता येते, म्हणून तुलना सोपी. आष्ट्यासारख्या गावाला रेल्वे आणि विमान दोन्ही वीस-चाळीस किलोमीटरवर. तुलना घराच्या उंबऱ्यापासून करावी लागते.

पुराने रेल्वेची आणि रस्त्याची परीक्षा घेतली आहे. मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. पुढच्याच महिन्यात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, सांगली बुडाली आणि महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद राहिला. त्या दिवसांत आष्ट्याहून सांगलीचे स्थानकही दूर होते.

करोनाकाळात २०२० मध्ये बंद झालेली सह्याद्री एक्स्प्रेस नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, ती पुण्यापर्यंतच. या भागाला मुंबईशी जोडणारी रात्रीची आणखी एक गाडी त्यामुळे हातची गेली. सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस धावते, पण ती दिवसाची. सांगलीजवळच्या कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर विमानतळ व्हावा ही मागणी वर्षानुवर्षे होते आहे. तो झाला तर हवेतले अंतर जवळजवळ तेच राहील, आष्ट्याहून विमानतळ मात्र जवळ येईल. पण मुंबईत उतरायची सोयीची वेळ मिळण्याचा प्रश्न त्यालाही चुकणार नाही. पुणे-मिरज दुहेरीकरणाने मात्र त्याच मार्गावर जास्त गाड्यांना जागा होते. या जागेतली पहिली गाडी रात्रीची असावी आणि सांगली, किर्लोस्करवाडी, कराड इथे थांबून सकाळी मुंबईत पोचावी. सह्याद्रीचा पुणे ते मुंबई हा तुटलेला तुकडा परत जोडला, तरी त्या कामाची सुरुवात होईल.