रोव्हर्स चषक आणि १९३७ सालचा निकाल



आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात शर्यत म्हटली की प्रथम बैलगाडाच डोळ्यांपुढे उभा राहावयाचा. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैलाचे दात आणि खूर पारखून घेणाऱ्या मंडळींना त्या शर्यतीची रीत मी सांगावी असे नाही. घाटात गाडा एकटाच सुटतो. झुंज असते ती घड्याळाशी. कुस्तीचे तसे नाही. तेथे समोर हाडामांसाचा माणूस उभा असतो, आणि कुस्ती निकाली ठरली असेल तर एकाची पाठ मातीला लागेपर्यंत दोघांचीही सुटका नाही. फुटबॉलच्या खेळात जिला बाद पद्धत म्हणतात, ती या निकाली कुस्तीचीच सख्खी बहीण होय. जो हरला तो घरी गेला. जो जिंकला त्याला पुढची जोड. आज ज्या स्पर्धेविषयी मी बोलणार आहे ती याच पद्धतीची, आपल्या मुंबईत शंभरांहून अधिक वर्षे नांदलेली रोव्हर्स चषकाची स्पर्धा.

या पद्धतीचा उगम इंग्लंडमधला. चार्ल्स अल्कॉक नावाचे एक गृहस्थ तेथील फुटबॉल संघटनेचे चिटणीस होते. हॅरो येथील शाळेत शिकत असताना वसतिगृहा-वसतिगृहांमधले सामने याच रीतीने खेळले जात, हे त्यांच्या ध्यानात राहिले होते. तीच कल्पना त्यांनी १८७१ साली संघटनेपुढे ठेवली. पहिल्या वर्षी केवळ १५ संघांनी नावे दिली. १८७२ च्या मार्च महिन्यात लंडनच्या ओव्हल मैदानावर अंतिम सामना झाला, आणि वाँडरर्स या संघाने रॉयल एंजिनियर्स या लष्करी संघाला एका गोलने हरवले. (न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५ साली. म्हणजे आपण आज ज्या सोहळ्यासाठी जमलो आहोत तो आणि ही बाद पद्धत जवळजवळ एका वयाची आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.)

पहिल्याच अंतिम सामन्यात एक संघ लष्करी होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंग्रजी फौज जेथे गेली तेथे फुटबॉल तिच्याबरोबर गेला. सिमल्यास ड्युरँड चषक सुरू झाला १८८८ साली, मुंबईस रोव्हर्स १८९१ साली, कलकत्त्यास आय. एफ. ए. ची ढाल १८९३ साली. युरोपातील निरनिराळ्या देशांच्या विजेत्या क्लबांना एकत्र आणणारा युरोपियन चषक सुरू व्हावयास १९५५ साल उजाडावे लागले. तेव्हा रोव्हर्सचे वय ६४ वर्षांचे होते! या गोष्टीचा अभिमान जरा बेतानेच बाळगावा हे बरे. कारण चषक आपल्या भूमीवर असला तरी तो आपल्यासाठी मांडलेला नव्हता. मुंबईतील काही इंग्रज खेळप्रेमींनी तो सुरू केला आणि पहिल्या वर्षी तो नेला वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीने.

त्यानंतर कित्येक वर्षे विजेत्यांची यादी म्हणजे गोऱ्या पलटणींची हजेरीच आहे. याचे नवल वाटण्याचे कारण नाही. पलटणीत शेकडो तरणेबांड शिपाई असत. सरकार त्यांना खाऊ-पिऊ घाली आणि कवायत करवून घेई. सायंकाळी मैदानावर चेंडू खेळणे हा त्यांच्या दिनक्रमाचाच भाग असे. पुणे, खडकी, देवळाली येथे छावण्या होत्या. आपल्या गावावरून जो रस्ता पूर्वेकडे नगरला जातो, त्या नगरासही छावणी होती. उलट कचेरीत कारकुनी करून किंवा गिरणीत पाळी भरून मैदानावर येणाऱ्या हिंदी खेळाडूच्या पायात बहुधा बूटही नसे. असे असून १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने, अकरांपैकी दहा गडी अनवाणी असताना, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून ढाल जिंकली. त्या विजयाची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तिच्या पुढची मुंबईतली कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही.

१९२३ साली मोहन बागानचा संघ रोव्हर्ससाठी मुंबईस आला आणि एकामागून एक फेरी पार करीत अंतिम सामन्यापर्यंत गेला. इतकी मजल मारणारा हा पहिला हिंदी मुलकी संघ. अंतिम सामन्यात डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४-१ असे हरवले. निकालाच्या वहीत हा केवळ एक पराभव आहे. माझ्या मते मात्र त्या वर्षी जे मिळाले ते चषकाहून थोडे अधिक होते. बाद पद्धतीचा एक गुण असा, की एकदा तुमचे नाव चिठ्ठ्यांच्या भांड्यात पडले की भांडे तुमचा रंग पाहत नाही. साहेबाच्या क्लबात ज्याला दारावरच अडवले जाई, त्याच्यासमोर साहेबाच्या पलटणीला ठरल्या वेळी, ठरल्या मैदानावर, अकरास अकरा असे उभे राहावेच लागे. एवढी समता त्या काळच्या मुंबईत दुसरीकडे क्वचितच सापडली असती.

आता १९३७ सालाकडे वळू. त्या वर्षीच्या मुंबईचे चित्र थोडे आठवून पाहा. प्रांतिक निवडणुका होऊन गेलेल्या होत्या आणि बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे प्रमुख झाले होते. क्रिकेटमध्ये हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे धर्म नि वंशावर उभे असलेले चार संघ होतेच. त्यांत याच वर्षी ‘इतर’ हा पाचवा मिळाला. आणि त्याच वर्षी नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममधल्या जागांच्या वाटणीवरून भांडण होऊन हिंदूंचा संघ बाहेर राहिला. खेळ सुरू होण्याआधी खुर्च्यांची लढाई, हा प्रकार आपल्या सार्वजनिक जीवनात नवा नाही.

अशा वर्षी रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात जे दोन संघ समोरासमोर आले ते होते कलकत्त्याचा महमेडन स्पोर्टिंग आणि बेंगळूरचा बेंगलोर मुस्लिम्स. महमेडन स्पोर्टिंगचा तेव्हा केवढा दबदबा! १९३४ साली कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला हिंदी संघ ठरला, आणि १९३८ पर्यंत ती लीग त्याने ओळीने पाच वर्षे कोणाला हातच लावू दिली नाही. १९३६ साली ढालही त्याच्याकडेच गेली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून खेळाडू वेचून आणावयाचे आणि पावसाने मैदान चिखलाचे झाले की पायात बूट चढवावयाचे, ही त्यांची युक्ती. अनवाणी पायाचा अभिमान त्यांनी हवामान पाहून बाजूला ठेवला, आणि पलटणींचे एक मोठे बळ तेथेच संपले. या बलाढ्य संघाला बेंगलोर मुस्लिम्सने एका गोलने हरवले. पहिल्या स्पर्धेनंतर ४६ वर्षांनी चषक प्रथमच हिंदी मुलकी संघाच्या हाती आला.

दोन्ही संघांच्या नावांत धर्म आहे, मग यात राष्ट्राचा आनंद कोणता, असे कोणी विचारील. नावे त्या काळाने दिलेली होती. क्लब, जिमखाने, वसतिगृहे, सारेच जातिधर्मांच्या नावाने उभे राहत. मला त्या सामन्यातली निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १९११ मध्ये आणि १९२३ मध्ये समोर पलटण होती. १९३७ च्या अंतिम सामन्यात पलटण मैदानावरच नव्हती. साहेबाला हरवण्याचा प्रश्न आधीच्या फेऱ्यांतच निकालात निघाला होता, आणि शेवटची जोड हिंदी माणसांची आपापसात लागली. विजयापेक्षाही ही जोड मला मोठी वाटते. पुढच्याच वर्षी बेंगलोर मुस्लिम्सने आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स या गोऱ्या पलटणीला ३-२ असे नमवून चषक आपल्याकडेच ठेवला. १९४० साली महमेडन स्पोर्टिंगने याच बेंगळूरकरांवर मात करून १९३७ चा वचपा काढला, आणि त्याच वर्षी दिल्लीत रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटचा पाडाव करून ड्युरँडही घेतला.

स्वातंत्र्यानंतर हैदराबाद सिटी पोलिसांचे दिवस आले. सय्यद अब्दुल रहीम या मूळच्या शाळामास्तरांनी तो संघ घडवला, आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स त्यांनी इतर कोणाकडे जाऊ दिला नाही. हेच रहीमसाहेब १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकावर आलेल्या भारतीय संघाचे गुरू होते. त्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मूळचा गोमंतकाचा. १९५८ साली मुंबईच्या कॅल्टेक्स संघाने चषक जिंकला तेव्हा तो त्या संघात होता. मुंबईच्या आपल्याच चषकावर मुंबईकरांचे नाव दिसावयास किती उशीर व्हावा! बाहेरचे पाहुणे येऊन फड मारून जातात आणि गावचा मल्ल हलगी ऐकत बसतो, तशातलाच हा प्रकार.

पुढे कंपन्यांच्या आणि गिरण्यांच्या संघांवर मुंबईचा फुटबॉल उभा राहिला. ज्या संघाला स्वतःचे गाव नाही, मालकाचे पत्र आहे, तो संघ मालकाच्या मर्जीपर्यंतच टिकतो. गिरण्या मोडल्या तसे त्यांचे संघही मोडले. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली. तिच्यात एक सामना गमावला तरी पुढच्या आठवड्यात भरपाई करता येते. साहजिकच मोठ्या क्लबांचे दिवस आणि पैसा तिकडे वळला, आणि एका दुपारी सारे पणाला लावणाऱ्या जुन्या चषकांना वेळापत्रकात जागा उरेनाशी झाली. ड्युरँड तगला, त्याच्या पाठीशी लष्कर होते. रोव्हर्सची शेवटची स्पर्धा २०००-०१ च्या हंगामात झाली. ती जिंकून एकूण १४ वेळा चषक घेण्याचा विक्रम ज्याच्या नावावर राहिला तो संघ मोहन बागान, १९२३ साली डरहॅमच्या पलटणीकडून ४-१ हरून कलकत्त्यास परतलेला.